शिक्षाकर्मी

शिक्षकाच्या नेमणुकीचा रूढ क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. आधी परीक्षा, मग प्रशिक्षण, मग प्रमाणपत्र आणि सर्वांत शेवटी शाळा. या क्रमात वावगे असे काही नाही. परंतु राजस्थानातील अनेक दूरच्या गावांत त्यातील शेवटचा दुवाच निखळलेला असे. प्रमाणपत्रधारक शिक्षकाची नेमणूक कागदावर होई. तो गावात राहावयास मात्र येत नसे. पटावर मुलांची नावे असत आणि शाळेच्या दाराला कुलूप.

अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे समाजकार्य व संशोधन केंद्र ही संस्था आहे. १९७५ साली तिने सिलोरा विकासगटातील तीन शाळांत एक साधा विचार कसोटीस लावून पाहिला. बाहेरचा शिक्षक गावात टिकत नसेल, तर जो गावात टिकून आहे त्यालाच शिक्षक का करू नये? पुढे १९८७ साली राजस्थान शासनाने स्वीडनच्या अर्थसाहाय्याने याच विचाराची राज्यव्यापी योजना केली. जयपूर येथे शिक्षाकर्मी मंडळ स्थापन झाले, आणि प्रशिक्षणाच्या कामी जयपूरच्याच ‘संधान’ या संस्थेचे साहाय्य लाभले.

निवडीच्या अटी थोड्या होत्या. उमेदवार त्याच गावचा असावा. पुरुष आठवी आणि स्त्री पाचवी शिकलेली असावी. एवढ्या शिदोरीवर कोणी शिक्षक होतो काय, ही शंका रास्तच होती. तिचे उत्तर प्रशिक्षणाच्या रचनेत होते. आरंभी महिन्याहून अधिक काळ निवासी वर्ग भरे. ज्याला स्वतःलाच अपूर्णांक नीट उमगलेला नाही, तो मुलांना काय शिकविणार? म्हणून शिक्षाकर्मी आधी विषय शिके आणि मग अध्यापनाची रीत. काम सुरू झाल्यावरही शिकणे थांबत नसे. दरमहा बैठक होई, सुट्टीत पुन्हा वर्ग भरत, आणि शाळेत अडलेला प्रश्न तेथे मांडता येई. दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी सोयीच्या वेळी भरणाऱ्या ‘प्रहर पाठशाला’ निघाल्या. स्त्री शिक्षाकर्मी मिळणे फार कठीण होते. त्यासाठी महिला प्रशिक्षण केंद्रे काढावी लागली. तरीही त्यांची संख्या अखेरपर्यंत अल्पच राहिली. नव्वदीच्या दशकाअखेर अडीच हजारांहून अधिक गावांत सहा हजारांवर शिक्षाकर्मी काम करीत होते.

या योजनेवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळता येणार नाही. शहरातील मुलाला पदवीधर शिक्षक आणि वाळवंटातील मुलाला आठवी शिकलेला, हा न्याय कसला? शिवाय शिक्षाकर्मीला वेतन नव्हे, अल्प मानधन मिळे. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली अंमलात आला आणि शिक्षकाची किमान पात्रता देशभर एकच ठरली. सेवेतील अप्रशिक्षितांना दिलेली मुदत २०१७ च्या दुरुस्तीने ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढविण्यात आली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी दूरशिक्षणाची पदविका काढली, आणि लाखो शिक्षकांनी नोकरी सांभाळून अभ्यास केला. पण त्या पदविकेलाही बारावीची अट होती. आठवीच्या बळावर उभा राहिलेला माणूस त्या पायरीपर्यंत कसा पोहोचणार?

महाराष्ट्रातील श्रोत्यांना येथे वस्तीशाळांवरील निमशिक्षक आठवतील. पाड्यावरची शाळा त्यांनी तुटपुंज्या मानधनावर चालविली. सेवेत कायम होण्यासाठी मात्र त्यांना वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले. राजस्थानात २०२२ साली कंत्राटी सेवेचे नवे नियम झाले आणि शिक्षाकर्मींना त्यांच्या कक्षेत घेण्यात आले. योजना सुरू होऊन तोवर पस्तीस वर्षे लोटली होती.

प्रमाणपत्र निरुपयोगी आहे, असा या इतिहासाचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. मुलाला जाणता शिक्षक मिळालाच पाहिजे, आणि जाणतेपणाची काही कसोटी असावीच लागते. परंतु ज्याला शासनाने आधी कामाला लावले, त्याला त्या कसोटीपर्यंत पायरीपायरीने नेण्याची जबाबदारीही शासनावरच येते. आठवीवाल्याला दहावी, दहावीवाल्याला बारावी, आणि मग पदविका, अशी वाट त्याच्या शाळेच्या दारापासूनच निघावयास हवी. जयपूरने शिक्षणाचा रूढ क्रम उलटा करून पाहिला, हे धाडसाचे काम होते. माणूस आधी मिळाला. त्याच्या हाती प्रमाणपत्र देण्याचे राहिलेले काम पुरे केल्यावाचून तो प्रयोग पूर्ण झाला, असे म्हणता येणार नाही.