फुटबॉल आणि आपला समाज

(वार्षिक समारंभात मढ येथे केलेले भाषण)



माझ्या भाषणाचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. शिकवण्याचे सोडून मास्तर खेळावर काय बोलतात, असेही कुणी म्हणेल. म्हणून प्रारंभी मी माझीच एक चूक कबूल करतो.

गेल्या वर्षी अभ्यासक्रम मागे पडला, म्हणून माझ्या वर्गाचा खेळाचा तास मी गणिताला घेतला. वर्गात एक मुलगा होता. भात निघाल्यावर मोकळ्या खाचरात तो दिवस मावळेपर्यंत फुटबॉल खेळे. अभ्यासात बेताचा, पण त्या तासासाठी का होईना, शाळा चुकवत नसे. तास बंद झाला आणि हळूहळू त्याची शाळाही सुटली. मी घरी गेलो, तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "सर, खेळून कुठं पोट भरतंय? आणि शाळेत त्याचं मन लागत नाही. मग कामाला लावला तर काय बिघडलं?" मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट मानाची. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा इंग्रजांनी १८९१ साली सुरू केली. कित्येक वर्षे तो चषक गोऱ्या पलटणींकडेच जाई. १९३७ साली बेंगळूर मुस्लिम्स या संघाने तो प्रथमच भारतीयांच्या हाती आणला. तिकडे कलकत्त्यात १९११ साली मोहन बागानच्या खेळाडूंनी बहुतेक अनवाणी पायांनीच गोऱ्या पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली होती. पुढे मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. जे राज्यकर्त्यांपुढे मान वर करू शकत नव्हते, त्यांना मैदानावर बरोबरीचे स्थान मिळाले. राजकारणात फुटबॉलचे वजन आहे, ते यामुळे.

परंतु हेच वजन उलटही पडते. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इस्रायल व तैवान यांना प्रवेश नाकारला गेला. त्यावर एका भारतीय अधिकाऱ्याने हरकत घेतली आणि तेथील जनता आपल्या संघावर चिडली. अंतिम सामन्यात प्रेक्षक आपल्या विरोधात ओरडत असताना आपल्या मुलांनी दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या संघाचे गुरू होते सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब हैदराबादचे शाळामास्तर! कर्करोगाने पोखरलेले शरीर घेऊन ते मैदानाच्या कडेला उभे होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

आपल्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तिकडे लोटते. एका पेठेची मुले जात-धर्म विसरून एका रंगाचा सदरा घालतात, ही शोभा. दोन पेठांच्या ईर्ष्येतून हाणामारी होते, हा डाग. चेंडू स्वतः काही शिकवत नाही. शिकवावे लागते ते घरी आणि शाळेत.

आता पोटाचा प्रश्न. मुंबईत टाटा, मफतलाल, महिंद्रा यांचे संघ होते. चांगला खेळणाऱ्या मुलाला नोकरी मिळे, घर उभे राही. परंतु धंदा हा धंदाच असतो. महिंद्राचा संघ २०१० साली बंद झाला. २०१४ साली मोठ्या थाटात इंडियन सुपर लीग सुरू झाली. त्यातला पुण्याचा संघ २०१९ साली मोडला. २०२५ साली तर व्यापारी करार संपत आल्यावर त्या लीगचा हंगामच लांबणीवर पडला. तेव्हा नुसत्या खेळावर आयुष्य टाकू नये, ही त्या वडिलांची भीती अगदी खरी आहे.

पण म्हणून खेळ बंद करणे हे उत्तर नव्हे. शासनाने नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत. त्या जागेसाठीही शिक्षणाची अट आहेच. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. ते घ्यायला परीक्षेला तर बसले पाहिजे! २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. तेथे शाळा आणि मैदान दोन्ही एकत्र चालतात.

पालकहो, संध्याकाळचा एक तास मुलांना द्या, आणि मुलींनाही द्या. विद्यार्थ्यांनो, चेंडूसाठी पुस्तक सोडू नका. शाळा सुटली की मैदानाचाही रस्ता बंद होतो. आणि आम्ही शिक्षकांनी खेळाचा तास खेळालाच ठेवावा. माझ्या वर्गाचा तास मी परत दिला आहे.

तो मुलगा मात्र अजून परतलेला नाही. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी मी पुन्हा त्याच्या दारी जाणार आहे. आपल्यापैकी कुणी माझ्यासोबत आले, तर त्याच्या अब्बांना समजावणे सोपे जाईल.