नळीवाटे अन्न

पक्षाघातानें घशाचे स्नायू दुर्बळ झाले म्हणजे पाण्याचा घोटहि श्वासनलिकेंत उतरूं शकतो व फुप्फुसाचा दाह होतो. अशा रुग्णास नळीनें अन्न देतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं ईल माशाच्या कातड्याच्या नळीनें एका रुग्णाच्या जठरांत अन्न पोंचविलें. पुढें तो पुन्हां गिळूं लागला. आज मऊ नळी नाकावाटे घालतात. दीर्घकाळ गरज असल्यास ती पोटावरील छिद्रांतून बसवितात.

अन्न देतांना व नंतर अर्धा ते एक तास रुग्णाचें डोकें व छाती ३० ते ४५ अंश उंच ठेवावी. नाकाजवळची नळीवरील खूण सरकली असल्यास अन्न न देतां डॉक्टरांस कळवावें. शेवटीं स्वच्छ पाणी सोडून नळी धुवावी.

रुग्ण चहा मागतो, आपला जीव तुटतो. परंतु गिळण्याची तपासणी झाल्याखेरीज मायेनें पाजलेला एक चमचाहि घातक ठरूं शकतो. नळी म्हणजे आशेचा अंत नव्हे. पक्षाघातानंतर कित्येकांना पुन्हां गिळतां येतें. तोंवर त्याचें तोंड स्वच्छ ठेवावें, ओठ ओलावावे आणि त्याच्याजवळ बसावें.