आरोग्यविम्याची प्रतिपूर्ती आणि न सांगितलेला दर

(ग्रामस्थ, शिक्षक व पंचायत कर्मचारी यांच्या सभेत केलेले भाषण)



बाजारात नारळ घेताना आपण आधी भाव विचारतो. आरोग्यविम्याचा हप्ता मात्र आपण वर्षानुवर्षे भाव न विचारता भरत असतो. उपचार संपवून घरी आल्यावर कंपनीचे पत्र येते, तेव्हा कळते की आपले बिल मोजण्याचे माप कंपनीपाशी होते. आपल्याला ते दाखविले नव्हते, एवढेच.

माझ्या परिचयातील एका निवृत्त गुरुजींच्या पत्नीवर शस्त्रक्रिया झाली. १,२०,००० रुपयांचे बिल त्यांनी पदरचे भरले आणि प्रतिपूर्तीची मागणी केली. हाती आले ८४,०००. कारण एका ओळीचे : ‘रास्त व प्रचलित आकाराहून अधिक रक्कम आणि खोलीभाड्यानुसार वजावट.’ गुरुजींनी आयुष्यभर मुलांकडून गणिताच्या पायऱ्या लिहून घेतल्या होत्या. ते म्हणाले, “उत्तर मिळाले, पायऱ्या कोठे आहेत?”

‘रास्त व प्रचलित आकार’ या शब्दांची व्याख्या विमा नियामक प्राधिकरणाने केलेली आहे. त्या इस्पितळाचा नेहमीचा दर असावा, तो त्याच भौगोलिक क्षेत्रातील तशाच सेवेच्या दराशी जुळावा, आणि आजाराचे स्वरूप लक्षात घेतले जावे, असा तिचा आशय आहे. व्याख्येत दोष काढता येणार नाही. पण तीत आकडा नाही. क्षेत्र म्हणजे शहर, जिल्हा की राज्य? तुलना कोणत्या इस्पितळांशी आणि कोणत्या वर्षीच्या दरांशी केली? विमापत्र याबाबत मौन पाळते.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी केली, तेव्हा असे आढळले की ‘प्रचलित’ दर ज्या माहितीसाठ्यावरून ठरत, तो एका मोठ्या विमा कंपनीच्याच उपकंपनीचा होता. पैसे देणाऱ्याच्याच हाती तराजू! २००९ साली तडजोड होऊन त्या कंपनीने स्वतंत्र माहितीसाठा उभारण्यासाठी ५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

आपल्या सरकारी योजनांत निराळी रीत आहे. गोव्याची २०१६ ची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना असो वा २०१८ ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना असो, उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. तो दर पुरेसा नाही, अशी इस्पितळांची तक्रार असते. पण तक्रार करता येते, कारण आकडा समोर असतो.

आता खोलीभाड्याचे पाहू. समजा विमा ३ लक्षांचा आहे आणि खोलीची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. आपण ५,००० ची खोली घेतली. पुष्कळांना वाटते, रोजचे २,००० आपण भरू. तसे होत नाही. इस्पितळाचे दर खोलीच्या वर्गानुसार बदलत असतील, तर शल्यवैद्यांचे ५०,००० रुपयांचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाऊन ३०,००० च मान्य होते. मात्र औषधे, शरीरात बसविलेली साधने आणि तपासण्या यांच्या खर्चाला ही कात्री लावता येत नाही, असे प्राधिकरणाने २०२० साली स्पष्ट केलेले आहे. अतिदक्षता विभागाच्या आकारालाही ती लागू नाही. शिक्षक बंधूंनी हे गावात अवश्य समजावून सांगावे. इस्पितळात खोली निवडण्याच्या घाईत ते कोणीच सांगत नाही.

गुरुजींनी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी हिशेब मागितला. तक्ता आला. ३६,००० च्या वजावटीपैकी १४,००० खोलीभाड्यापोटी होते, आणि त्यांतले ६,००० औषधे व तपासण्यांवर लावलेले होते. ते परत मिळाले. उरलेल्या २२,००० पुढे केवळ ‘प्रचलित दर’ हे दोनच शब्द होते.

कंपनीने मागणी फेटाळली, समाधानकारक उत्तर दिले नाही, किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यास शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. गोव्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. गुरुजींनी अर्ज धाडला आहे. त्यात मागणी एकच आहे : ज्या इस्पितळांच्या दरांशी तुलना केली, त्यांची यादी द्यावी.