विसाव्याचा हक्क



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला की बोनस, महागाई आणि संप यांवर ऐकावयास मिळणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही सुटीवर बोलणार आहोत. तो विषय संपापेक्षा हलका आहे, असे आम्ही मानीत नाही.

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या मध्यभागी ‘हिल कंट्री’ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. आमचा पुतण्या ऑस्टिन शहरी नोकरीस असतो. एका एप्रिलमध्ये त्याच्या कुटुंबाबरोबर आम्ही उभयता या मुलुखात आठ दिवस हिंडलो. वाहन भाड्याचे, तिकडे त्यास ‘आरव्ही’ म्हणतात. एसटीच्या गाडीत संसार थाटावा तसा प्रकार! चूल, मोरी, संडास आणि सहा माणसांच्या निजण्याची सोय. मुक्कामी पोचल्यावर पाण्याची नळी आणि विजेची तार जोडावयाची, व निघताना सांडपाण्याची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करावयाची. हे शेवटचे काम पुतण्या निमूटपणे करू लागला, तेव्हा त्याची काकू म्हणाली, “घरी असताना कधी मोरी तरी घासली होतीस का रे?”

ही वाहने बहुतांशी इंडियाना राज्यातील एल्कहार्ट या गावच्या परिसरात तयार होतात. २००८ च्या मंदीत लोकांनी ती घेणे थांबविले आणि २००९ च्या वसंतात तेथील बेकारी जवळजवळ वीस टक्क्यांवर गेली. एकाची सुटी दुसऱ्याची मजुरी असते, ती अशी.

सह्याद्री पाहिलेल्या माणसास तेथील चुनखडीचे डोंगर टेकाडेच वाटतील. परंतु ‘एन्चँटेड रॉक’ हा गुलाबी ग्रॅनाइटचा बोडका कातळ पायथ्यापासून सव्वाचारशे फूट उंच आहे, तो चढताना आमचीही छाती भरून आली. पुढे फ्रीओ नदीकाठी गार्नर उद्यानात मुक्काम केला. सायप्रसची जुनी झाडे, थंडगार पाणी आणि काठावर दगडी बांधणीची एक प्रशस्त इमारत. उन्हाळ्यात संध्याकाळी तेथे गाणी लावून आबालवृद्ध नाचतात. आमची नजर मात्र दगडांच्या सांध्यांकडे गेली. हे घडविले कोणी?

घडविले बेकारांनी. १९२९ च्या महामंदीनंतर, १९३३ साली, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अविवाहित बेकार तरुणांचे एक दल उभारले. महिना तीस डॉलर वेतन. त्यांतले सुमारे पंचवीस घरी पाठविले जात. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण या दलातून गेले. त्यांनी खाणीतून दगड काढले, रस्ते बांधले, झाडे लावली. लाँगहॉर्न येथील गुहेतला युगानुयुगांचा गाळ उपसून त्यांनी ती लोकांना खुली केली. रात्री छावण्यांत वर्ग चालत आणि हजारो निरक्षर मुले तेथे लिहावाचावयास शिकली. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेबाहेरच झाले असल्यामुळे या गोष्टीचे मोल आम्हांस अधिक वाटते.

या चित्राची काळी बाजूही सांगितली पाहिजे. १९३५ पासून काळ्या तरुणांच्या तुकड्या वेगळ्या ठेवण्यात आल्या, आणि राज्याच्या उद्यानांतही वर्णभेद पाळला जाई. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने त्याचा कायदेशीर आधार काढून घेतला. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्या महाराष्ट्राने पाहिला, त्याला यावर अधिक सांगणे नको.

टेक्ससमध्ये शेकडा पंचाण्णवांहून अधिक जमीन खाजगी मालकीची आहे. म्हणून सार्वजनिक उद्यानाचे मोल तेथे फार. १९७६ पासून लोकांच्या वापरात असलेले फेअरफील्ड लेक उद्यान २०२३ साली बंद पडले. जमीन भाडेपट्ट्याची होती आणि मालकाने ती विकली. त्याच वर्षी मतदारांनी नव्या उद्यानांच्या जमिनीसाठी एक अब्ज डॉलरच्या निधीस कौल दिला.

जागा झाली; वेळेचे काय? अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्याने कामाच्या आठवड्यास मर्यादा घातली, पण पगारी रजा देणे मालकास बंधनकारक करणारा देशव्यापी कायदा तेथे आजही नाही. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. मग कंत्राटी कामगाराचे २४० दिवस भरूच द्यावयाचे नाहीत, ही युक्ती निघाली! त्यावर आम्ही पुष्कळ भांडलो आहोत. रजा ही मेहेरबानी नव्हे, तो श्रमाच्या मोबदल्याचाच भाग आहे.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या माणसांनीही खडी फोडली, पाझर तलाव खणले, रस्ते केले. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा पुढे आला. टेक्ससच्या उद्यानांत त्या तरुणांच्या कामाची हकीकत फलकांवर वाचावयास मिळते. आपल्या तलावांच्या काठी खणणाऱ्या बायाबापड्यांचा उल्लेख किती ठिकाणी आहे?

म्हणून नगरपालिकेकडे दोन गोष्टी मागाव्यात, असे आम्ही सुचवितो. दुष्काळी कामातून झालेला गावाजवळचा तलाव कोणत्या गावांच्या मजुरांनी खणला, याचा फलक त्याच्या काठी लागावा. आणि गावची बाग पाळी संपवून येणाऱ्या कामगारास व त्याच्या मुलाबाळांस उघडी सापडेल, अशा वेळा ठरवाव्यात. खर्च थोडा आहे, आणि मागणारे आपण सर्व आहोत.