दोघांची नौका

(नभोवाणीवरील भाषण)

काही दिवसांपूर्वी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर वेस्ट इंडीजचा नकाशा काढला होता. आपल्या मुलांना ही बेटे क्रिकेटमुळे नावानिशी ठाऊक असतात. बार्बाडोस म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे गोलंदाज उभा राहतो, समुद्र नव्हे. म्हणून समुद्राची गोडी लागावी या हेतूने मी त्यांना सांगितले की, या बेटांमधून आजही कित्येक पतिपत्नी लहानशा शिडाच्या नौकेतून, बरोबर एकही खलाशी न घेता, तीन-तीन चार-चार दिवसांचा प्रवास करीत असतात. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, दोघेच असतात, तर मग झोपतात केव्हा?"

भूगोलाच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आज आपल्याशी बोलणार आहे ते या प्रश्नाविषयीच.

आधी तो समुद्र डोळ्यांपुढे आणू. कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला बेटांची एक कमान आहे. उत्तरेस व्हर्जिन बेटांपासून दक्षिणेस ग्रेनाडापर्यंत ती पसरलेली आहे. या समुद्रावर बहुतेक वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यांचा अंमल एवढा की, तिथल्या बेटांच्या समूहांना वाऱ्याकडची बेटे आणि वाऱ्याआडची बेटे अशी नावेच पडली. जून ते नोव्हेंबर हे महिने चक्रीवादळांचे. म्हणून जाणते दर्यावर्दी हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात लांबचा पल्ला गाठतात. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. 'मोसम' या अरबी शब्दापासूनच मान्सून शब्द झाला. जुन्या काळी सुरतेची गलबते ईशान्य वाऱ्यावर अरबस्तानाकडे जात आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर परतत. वाऱ्याचे वेळापत्रक मानणे हा सगळ्याच समुद्रांचा पहिला धडा आहे.

आता समजा, एक जोडपे ग्रेनाडाहून पश्चिमेस बोनेअर बेटाकडे निघाले. अंतर सुमारे ४०० सागरी मैल. लहान नौकेचा वेग ताशी पाच-सहा सागरी मैल. म्हणजे दिवसरात्र चालली तर तीन दिवस आणि तीन रात्री. नांगर टाकून विश्रांती घ्यावी म्हटले, तर भर समुद्रात नांगर तळाला पोहोचत नाही. नौका सोडून दिली, तर वारा नेईल तिकडे जाईल. शिवाय त्या वाटेने मोठी मालवाहू जहाजे जात असतात. क्षितिजावर दिसलेला जहाजाचा दिवा पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतो, आणि डोंगराएवढ्या जहाजावरच्या माणसाला ही चिमुकली नौका दिसेलच याची खात्री नसते. तेव्हा चोवीस तास कोणीतरी जागे हवेच.

यावर दर्यावर्दी लोकांनी जो तोडगा काढला, तो फार साधा आहे. ते पाळ्या लावतात. तीन किंवा चार तास एकाने जागायचे, तेवढेच तास दुसऱ्याने झोपायचे. जागणाऱ्याने कमरेला दोर बांधून तो नौकेला अडकवायचा. कारण रात्री एकटा माणूस पाण्यात पडला, तर खाली झोपलेल्याला त्याचा पत्ता पाळी बदलेपर्यंत लागणार नाही. वारा वाढण्याची चिन्हे दिसताच शीड आखडून घ्यायचे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, मनात शंका आली तर झोपलेल्याला उठवायचे. उठवायला संकोच करायचा नाही, आणि उठवल्याबद्दल रागवायचे नाही.

नौकेवर आता स्वयंचलित सुकाणू असते, उपग्रहांकडून आपले ठिकाण कळते, दूरची जहाजे पडद्यावर दिसतात. एरिक आणि सुसान हिस्कॉक हे इंग्रज दांपत्य १९५२ ते १९५५ या काळात अवघ्या ३० फुटी नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा यांतले काही नव्हते. तरीही पाळीचा नियम जो तेव्हा होता, तोच आज आहे. यंत्राने हात मोकळे केले, परंतु जागण्याचे काम अजून माणसाकडेच आहे.

हे सारे परदेशातले कौतुक आहे असे कोणी समजू नये. गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका तयार झाली. तिच्यातून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्यातून पुढे 'तारिणी' बाहेर पडली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. त्यांना दोंदे यांनीच शिकवले होते. आणि २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच तारिणीवर गोव्याहून दोघीच निघाल्या: लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा अळगिरीसामी.

दोघीच! ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदर त्यांनी ९ नोव्हेंबरला गाठले. तेथवर सव्वा महिन्याहून अधिक काळ एकीने जागावे आणि दुसरीने झोपावे, हाच क्रम. जानेवारी २०२५च्या अखेरीस त्या प्रशांत महासागरातील अशा बिंदूजवळून गेल्या की, तेथून कोणत्याही दिशेला सर्वांत जवळची जमीन सुमारे २,७०० किलोमीटरांवर आहे. फेब्रुवारीत त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. २९ मे २०२५ रोजी, पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल तोडून, त्या गोव्यास परतल्या. त्यांच्या धैर्याचे सर्वांनी गोडवे गायिले, आणि ते योग्यच झाले. मला मात्र धैर्यापेक्षाही त्यांच्या झोपेचे अधिक आश्चर्य वाटते. बाहेर वादळ घोंघावत असताना, सुकाणू दुसरीच्या स्वाधीन करून डोळे मिटणे, ही काय लहान गोष्ट आहे?

श्रोतेहो, या आश्चर्याचे कारण माझ्या घरातले आहे. संकोच बाजूला ठेवून ते सांगतो.

मी राहतो सुरतेत, पर्वत पाटियाला. पाटिया म्हणजे हमरस्त्यावरची गावाची पाटी. पाटी पर्वताची असली तरी येथे पर्वत नाही, आणि समुद्रही दृष्टीस पडत नाही. दिसतात त्या कापडाच्या गाठी वाहणाऱ्या गाड्या. परंतु आमचे मूळ घर उत्तनचे. वडील तांडेल होते. तरुणपणी त्यांनी शिडाची होडी चालवली, पुढे यंत्राची. समुद्रावर असताना ते कधी निवांत झोपले नाहीत असे आई सांगे. पडल्यापडल्याही त्यांचे लक्ष सुकाणूकडे असे. उतारवयात त्यांना पक्षाघात झाला आणि मी त्यांना येथे घेऊन आलो. रात्री ते दचकून उठत, खाटेवरून उतरू पाहत. कोणीतरी उशाशी जागे असणे भाग होते.

ते माझे वडील. तेव्हा जागायचे ते मीच, असे मी ठरवून टाकले. दिवसा शाळा, रात्री जागरण. पत्नी म्हणे, "अर्धी रात्र मी बसते." मी म्हणे, "तू दिवसभर त्यांचे करतेसच, तू नीज." यात तिच्याविषयीची माया होती हे खरे, पण खरे तेच सांगायचे तर, माझ्यावाचून हे कोणाला जमणार नाही हा गर्वही होता. पाचव्या की सहाव्या रात्री खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली ती धप्प अशा आवाजाने. बाबा जमिनीवर पडले होते. कपाळाला खोक पडली होती.

दैवाने दुखापत बेताची होती. पट्टी बांधून झाली, बाबांना निजवले, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पत्नी मला म्हणाली, "मला उठवलं का नाहीत? मी या घरात उतारू आहे का?"

उतारू! तांडेलाच्या मुलाला यापेक्षा नेमका शब्द कोणता बोलता आला असता? जी व्यक्ती भाडे देऊन बसते, जिला सुकाणूला हात लावू द्यायचा नाही, जिने केवळ पलीकडच्या काठाला उतरायचे, ती उतारू. दहा वर्षांच्या संसारात मी तिला जपले होते. परंतु सुकाणू तिच्या हाती देऊन निर्धास्त झोपलो मात्र नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाळ्या लावल्या. दहा ते दोन ती, दोन ते सहा मी. पहिल्या रात्री तिच्या पाळीत मी डोळे मिटून पडलो, पण कान उघडेच होते. तिसऱ्या रात्री झोप लागली. त्याच सुमारास एका रात्री बाबांनी जड जिभेने विचारले, "सुकाण कोणाकडं?" ती म्हणाली, "माझ्याकडं आहे, बाबा. तुम्ही नीजा." आणि ते निजले. जन्मभर ज्या तांडेलाने समुद्रावर डोळा मिटला नाही, तो सुनेच्या हाती होडी देऊन पहाटेपर्यंत स्वस्थ झोपला. हे मला तिनेच सकाळी सांगितले, कारण मीही त्या वेळी झोपलोच होतो.

त्यानंतर बाबा दीड महिना होते. तेवढ्या काळात ते पुन्हा खाटेवरून पडले नाहीत.

आमच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. सरोवरावर वादळ उठते, होडी पाण्याने भरू लागते, आणि येशू मात्र मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून झोपलेला असतो. लहानपणी मला वाटे, अशा वेळी झोप येते तरी कशी? आता वाटते, होडीत जे बरोबर होते त्यांतले कित्येक कोळीच होते. त्यांच्या हाती सुकाणू देऊन तो झोपला. आणि शंका येताच त्यांनी त्याला उठवले, हेही पाळीच्या नियमाला धरूनच झाले.

तेव्हा माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. मी म्हटले, "बाळ, ते आळीपाळीने झोपतात. आणि नौका चालवण्यापेक्षा तेच शिकायला अधिक दिवस लागतात." त्याने मान डोलावली. मग थोडा विचार करून विचारले, "पण सर, झोपलेल्याला कसे कळते की दुसरा जागा आहे?"

"कळत नाही," मी म्हटले. "म्हणून तर आधी माणूस पारखून घ्यायचे, आणि मगच नांगर उचलायचा."