शेवटचं कडवं कापू नका
(कल्याण पूर्वेत कवी आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



ऑगस्ट २०२३ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर ‘मेड इन हेवन’ या मालिकेचा दुसरा सीझन आला. त्यातला पाचवा एपिसोड तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. नवरी विदर्भातली, आंबेडकरी घरातली. लग्न बौद्ध पद्धतीने लागतं. दिग्दर्शक नीरज घायवान, मी दलित आहे असं चारचौघांत सांगणारा माणूस. आजवर टीव्हीवरच्या लग्नात सात फेरे आणि अंतरपाटाशिवाय काही दिसलं नव्हतं. इथं आपलं लग्न दिसलं. छाती फुगली. का फुगू नये?

पण त्याच दिवसांत यशिका दत्त बोलली. ही अजमेरची लेखिका. जात लपवून वाढली, रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर २०१६ मध्ये जात उघड सांगितली. २०१९ मध्ये तिचं ‘कमिंग आउट ॲज दलित’ हे इंग्रजी पुस्तक आलं, त्याला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. मालिकेतली नवरीही दलित लेखिका. बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेली, यशिकासारखीच. तिचंही पुस्तक जात उघड सांगण्याबद्दलचं. तिचीही आजी हाताने संडास साफ करणारी. यशिकाचं म्हणणं असं की, यात माझे विचार आहेत, माझं काम आहे. मग माझं नाव कुठाय?

घायवानने इन्स्टाग्रामवर तिचे आभार मानले होते. तिने मालिकेत रीतसर श्रेय मागितलं. तेव्हा निर्मात्यांनी पत्रक काढलं : आरोप साफ नामंजूर, पात्र काल्पनिक, हा शब्दप्रयोग तिच्या आधीपासून वापरात आहे.

दोन्ही बाजू तुमच्यासमोर ठेवल्या. आता माझा सवाल. आभार मानण्याइतकं ऋण असेल, तर ते पडद्यावरच्या नामावलीत का जात नाही? इन्स्टाग्रामवरचे आभार दोन दिवसांत खाली सरकतात. नामावली मालिका जगेल तोवर राहते. तिथे चहा देणाऱ्याचं नाव येतं, गाडी चालवणाऱ्याचं येतं. आलंच पाहिजे, तेही कामगार आहेत. मग लिहिणारा काय कामगार नाही?

कायद्याची गोष्ट ऐका. १९५४ मध्ये आर. जी. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक रंगमंचावर आलं. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा आला. आनंद म्हणाले, हे माझंच नाटक. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आनंद यांच्या विरुद्ध. कल्पनेवर, विषयावर कुणाची मालकी नाही. कॉपीराइट आहे तो मांडणीवर. हा निकाल मला चुकीचा वाटत नाही. विषयाला कुलूप लागलं असतं तर १९७८ मध्येच आलेल्या ‘बलुतं’नंतर कुणालाही आत्मकथन लिहिता आलं नसतं.

पण या निकालाचा आपल्यावर उलटा वार होतो. पांढरपेशा कवीने आपलं दुःख लिहिलं की त्याला शैली म्हणतात. आपण लिहिलं की ‘अनुभव’ म्हणतात. अनुभव म्हणजे विषय, आणि विषय सगळ्यांचा. तुमच्या सगळ्यांच्या आज्या सारख्याच, तुमचा सगळ्यांचा झाडू सारखाच, मग एकीचं नाव कशाला? म्हणजे जातीनं आधी माणसाचं नाव खाल्लं, आता लेखकाचं खाते. आपलं लिखाण त्यांच्या लेखी कच्चा माल. मी गोदीत काम करतो. तिथं साध्या पोत्यावरही मालकाचा मार्का असतो. मार्का खरवडला की माल बेवारशी. मग तो कुणीही उचलावा.

आपल्या माणसांना हे फार आधी कळलं होतं. चोखोबाचं नाव त्याच्या अभंगातच आहे. वामनदादा कर्डक कष्टकरी माणूस, अक्षरओळख झाली तीही मोठेपणी. हजारो गाणी रचली. कुठल्या ऑफिसात नोंदणी करणार होते? शेवटच्या कडव्यात ‘वामन’ घातला आणि गाणं लोकांत सोडून दिलं. ज्याच्या तोंडी गाणं जाईल, त्याच्या तोंडी नावही जाईल. ही आपली नाममुद्रा, हाच आपला कॉपीराइट.

आता हे गाणं मोबाइलवर तीस सेकंदांचं होतं. वेळ नाही म्हणून आधी काय कापलं जातं? शेवटचं कडवं. आणि कापणारे नेहमी परकेच असतात असं समजू नका. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे कोण लावतो? आपणच. गाणं कुणाचं म्हणून विचारलं तर पोरं गायकाचं नाव सांगतात, कवीचं सांगता येत नाही. टीव्हीवाल्याची कॉलर धरायची तर आधी आपला हात स्वच्छ पाहिजे.

हे दूरचं प्रकरण नाही. मराठी मालिकांचे सेट ठाण्यात घोडबंदर रोडवर लागतात. इथून लोकलने ठाणं, पुढे बस. उद्या तुमच्यातल्या एखाद्याला बोली तपासायला, वस्ती दाखवायला, ‘जरा अनुभव सांगा’ म्हणून बोलावतील. जरूर जा. पण चहाच्या आधी कागद मागा. त्यावर लिहून घ्या : पैसे किती, नाव कुठं. कॉपीराइटच्या कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलंय’ हे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. नोंदणी केलीच पाहिजे अशी सक्ती नाही, पण पुरावा हवा. कविता आधी आपल्या अनियतकालिकात छापा. अंकावरची तारीख उद्या साक्षीला उभी राहील.

आणि नाव देणं जमत नाही, हे कुणी सांगू नये. २०१४ च्या ‘कोर्ट’ सिनेमात संभाजी भगतांची गाणी आली, ती त्यांच्या नावासकट आली. सिनेमा त्यानं लहान झाला नाही.

आमच्या आजीवर जरूर लिहा, सिनेमे काढा, घराघरांत दाखवा. तिचा झाडू जगाला दिसू दे. पण ज्या पोरीनं लाज झुगारून तो पहिल्यांदा कागदावर आणला, तिचं नाव गाळू नका. आणि आपल्यासाठी एकच नियम, आजच्या या बैठकीपासून : दुसऱ्याची कविता म्हणायला जो उभा राहील, त्यानं आधी कवीचं नाव सांगायचं. नाव ठाऊक नसेल तर खाली बसायचं, विचारून यायचं, मग म्हणायचं.

जयभीम.