घर शोधणाऱ्यांची वही

श्रोतेहो, पाडवा झाला, अक्षय्य तृतीया तोंडावर आली आहे. वर्तमानपत्रांची पहिली पानं बिल्डरांच्या जाहिरातींनी भरली आहेत आणि इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी ‘येत्या रविवारी कुठली साइट बघायची’ यावर बोलणं चालू असेल. त्यांना माझं एकच सांगणं आहे. पहिलं घर बघायला बाहेर पडण्याआधी एक वही घाला.

मोबाइलमध्ये फोटो असतात, पण पांढऱ्या भिंतींचे रिकामे फ्लॅट फोटोत सारखेच दिसतात. चार घरं पाहून झाली की पूर्वेची बाल्कनी कुठल्या घराला होती, यावरून नवरा-बायकोत वाद होतो. विक्री कार्यालयात मात्र तुमचं बजेट, नोकरीचं ठिकाण, मुलांची शाळा, घर बदलायची घाई, सगळं पहिल्याच भेटीत फॉर्मवर उतरवून घेतलेलं असतं. त्यांच्याकडे तुमची नोंद आहे. मग तुमच्याकडे त्यांची नको का?

वहीचं पहिलं पान घरातल्या माणसांचं. प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, कारण एकत्र विचारलं की मोठ्या आवाजाचं माणूसच बोलतं. आजींना विचारा, लिफ्ट बंद पडली तर किती जिने चढाल? स्वयंपाक करणाऱ्याला विचारा, ओटा किती लांब हवा, भांडी कुठे घासायची, पावसाळ्यात कपडे कुठे वाळायचे? सॅम्पल फ्लॅटमध्ये फुलदाणी असते, पण वाळत घातलेला टॉवेल नसतो. ज्याच्यावाचून चालणारच नाही अशा तीन-चार गोष्टी ठरवा आणि त्यांच्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्या. हे मी गंभीरपणे सांगतो आहे. चकचकीत लॉबीत उभं राहिल्यावर माणूस आपली गरज विसरतो.

नंतर प्रत्येक घराला एक पान, आणि प्रत्येक पानावर तेच प्रश्न, त्याच क्रमाने. सर्वांत वर कार्पेट. ‘सेलेबल’, ‘सुपर बिल्टअप’ हे आकडे ऐकून घ्या, पण लिहू नका. रेरा कायद्यातल्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. समजा, एक घर 80 लाखांना आहे आणि कार्पेट 680 चौरस फूट. दुसरं 76 लाखांना, कार्पेट 610. ऐकायला दुसरं स्वस्त. भागाकार केला की पहिल्याचा दर फुटाला साधारण 11,765 रुपये पडतो, दुसऱ्याचा 12,459. हा भागाकार तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर करा.

त्याखाली खरी किंमत. पुणे शहरात बांधकाम चालू असलेलं 80 लाखांचं घर घेतलंत, तर 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 5 लाख 60 हजार, नोंदणी 30 हजार, 5 टक्के जीएसटी म्हणजे 4 लाख. बेरीज 89 लाख 90 हजार. पार्किंग, सोसायटीची आगाऊ वर्गणी, वकिलाची फी अजून यायचीच आहे. घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत बिल्डरकडून घेतलं तर जीएसटी लागत नाही. म्हणून ‘रेडी पझेशन’ म्हटलं की आधी ते प्रमाणपत्र दाखवा म्हणायचं.

नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. घरी येऊन महारेराच्या संकेतस्थळावर जा. मंजूर नकाशे, जमिनीवरचा बोजा, कोर्टातले दावे तिथे दिसतात. मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या दोन तारखा: ताबा देण्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख. दोन्ही शेजारीशेजारी लिहा. आणि ‘आज टोकन दिलंत तरच हा भाव’ असं कोणी म्हणालं, तर लक्षात ठेवा: करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कायद्याने बंदी आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती हवी.

जुना फ्लॅट घेत असाल तर आधीच्या करारनाम्यांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र मागा. जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे आवर्जून विचारा. ते झालेलं नसेल, तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी सोसायटी अडकते.

पाण्याचं मात्र विक्री कार्यालयात विचारू नका. संध्याकाळी परत जा, वॉचमनशी बोला, शेजारच्या जुन्या सोसायटीतल्या एखाद्या काकूंना विचारा, ‘टँकर किती येतात हो, एप्रिल-मे मध्ये?’ मेंटेनन्सचा आकडा त्या उत्तरावर ठरतो. जमलं तर भर पावसात एक फेरी मारा. रस्ता, तळमजला आणि भिंतींची ओल तेव्हाच कळते.

नाकारलेल्या घराचं पान फाडू नका. का नाकारलं, ते एका ओळीत लिहा. महिन्याने एजंट तेच घर नव्या भावात घेऊन येतो, तेव्हा ती ओळ उपयोगी पडते.

किल्ल्या हातात आल्या की वहीत ताब्याची तारीख घाला. बांधकामातला दोष त्या तारखेपासून पाच वर्षांत कळवला, तर तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल दिसली, तर फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि पोच घेऊन ती त्याच पानाला चिकटवा.